टोटल काउंटखालची ओळ : वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी नागपुरात लॅब टेक्निशियन आहे. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, लावणं हे माझं रोजचं काम. माझे मोठे भाऊ इथल्याच एका रुग्णालयाच्या आयसीयूत होते. लघवीचा जंतुसंसर्ग रक्तात पसरून सेप्सिस झाला होता. चौथ्या दिवशी राउंडनंतर सांगितलं, "काउंट नॉर्मल आलाय." वहिनींनी तिथंच हात जोडले.

मी फाईल मागून घेतली. टोटल काउंट, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, ९,४००. खरंच नॉर्मल. पण खालच्या ओळीत लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ५ टक्के, म्हणजे जेमतेम ४७०. धडधाकट मोठ्या माणसात हाच आकडा साधारण १,००० ते ४,००० असतो. आधीच्या तिन्ही रिपोर्टांतही तीच गत. टोटल काउंटभोवती पेनानं गोल केलेला होता, या ओळीवर साधी खूणही नव्हती. सातव्या दिवशी न्यूमोनिया झाला आणि भाऊ गेले.

ती ओळ वाचली असती तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. या पेशी वाढवून रुग्ण हमखास वाचवणारं औषध आजही नाही. पण सेप्सिसमध्ये त्या झपाट्यानं मरतात, आणि चौथ्या दिवशीही आकडा खालीच असेल तर मृत्यूचा आणि नव्या संसर्गाचा धोका जास्त, असं अभ्यासांत दिसलं आहे. कोविडच्या गंभीर रुग्णांतही लिम्फोसाइट असेच घसरत होते. अशा रुग्णाची लघवीची नळी, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) गरज संपताच काढावी, नवा ताप आला की लगेच कल्चर (जंतू शोधायची तपासणी) पाठवावं. एवढं तर हाती आहे ना?

माझी मागणी एका रकान्याची आहे. मेडिकल, मेयो ही नागपूरची शासकीय रुग्णालयं आणि राज्यातल्या प्रत्येक शासकीय आयसीयूच्या रोजच्या चार्टवर लिम्फोसाइटची टक्केवारी नको, प्रत्यक्ष संख्या लिहिली जावी. रक्त तेच, तपासणी तीच. पेशी मोजणारा सेल काउंटर हा आकडा आजही देतो. मात्र आकडा कमी दिसला म्हणून कुणाचा व्हेंटिलेटर दुसऱ्याला देऊ नये, हेही त्याच आदेशात लिहा. गडचिरोली-गोंदियाहून येऊन वॉर्डाबाहेर चटई टाकून बसलेल्या माणसांना या आकड्याचा अर्थ मराठीत समजावून सांगा.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात याल, तेव्हा मेडिकलच्या आयसीयूत एक चक्कर मारा. कुठल्याही खाटेची फाईल उघडा आणि ही ओळ कुणी वाचली आहे का, ते विचारा.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, नागपूर