उभं झाड, आडवं झाड

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "रानात जावक जमणा नाय, हात थरथरतत. आता मी काय कामाचो?" तेव्हा मी विषय बदलला, पण मनातून ते गेलं नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. आई, तू हे मोठ्याने वाचून दाखव. बाबांचा चष्मा नेहमीप्रमाणे दुकानात राहिला असेल.

बाबा, सावंतवाडीपासून कुडाळपर्यंत किती घरांची दारं तुमच्या हातची आहेत, याचा हिशेब तुम्ही कधी ठेवला नाही. पण ती दारं मी आजही ओळखते. चौकटीतली फळी तुम्ही खिळ्याने किंवा सरसाने कधी जखडली नाही, खाचेत मोकळी सोडलीत. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. त्याला जागा दिली नाही तर फळी तडकते, नाहीतर दार अडकतं. हे तुम्ही मला समजावून सांगितलं नाहीत. श्रावणात एकदा आणि चैत्रात एकदा त्याच फळीवर हात फिरवायला लावलात.

इथे पुण्यात घराघरांत बोर्डाची कपाटं आहेत. सिंकखालची फळी भिजून फुगली की ती फेकायची, नवी लावायची. मला ते बघवत नाही. आपल्या माजघरातलं फणसाचं कपाट आठवतं. नवं होतं तेव्हा हळदीसारखं पिवळं होतं, आता गडद तपकिरी झालंय, आणि अजून त्याची एक खीळही ढिली नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. लोक म्हणायचे, बाबल सुताराला दोन वेडं, एक रंध्याचं आणि एक रानाचं. आईसुद्धा चिडून म्हणायची, की आठवडाभर लाकूड तासायचं आणि सुट्टीच्या दिवशी लाकूडच बघायला आंबोलीला जायचं! मला मात्र ती दोन वेडं कधी वेगळी वाटली नाहीत. "झाड उभा बघूक शिक, मगे आडवा बघ," असं तुम्ही म्हणायचात. उतारावरचं झाड एका बाजूला ताण घेतं, त्याची फळी पुढे पिळते, हे तुम्ही जंगलातच ओळखायचात. कुठल्या सागाची फांदी कुठे मोडली, त्यावरून आत गाठ कुठे असेल ते सांगायचात. पांगारा हलका आणि मऊ, म्हणून सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी त्याची होत. सातविणीच्या फळ्यांवर एके काळी मुलं अक्षरं गिरवत, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातही ('स्कोलॅरिस') शाळा आहे. हे सगळं मी पुस्तक हातात घेण्याआधी तुमच्या पाठीमागून चालताना ऐकलं.

आणि तो रायवळ आंबा. बागवाल्याने तुम्हाला अंदाज घ्यायला बोलावलं होतं. खोडाला मोठी ढोली. सुताराच्या हिशेबात अशा झाडाची किंमत निम्म्याने उतरते, पण वरचा भाग सरळ होता, फळ्या भरपूर निघाल्या असत्या. आणि दुकानात तेव्हा काम नव्हतं, हे आईला चांगलं आठवत असेल. तुम्ही बराच वेळ वर बघत राहिलात. ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं, मध्ये फक्त एक फट. थोड्या वेळाने गरुड आला. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात, आपल्याकडे गरुडच. त्याने चोचीतून एकेक उंबर काढून त्या फटीतून आत दिलं. आत मादी कोंडून घेऊन बसलेली असते, त्या काळात तिची उडायची पिसं गळतात, झाड पडलं तर ती उडून जाऊच शकत नाही. हे सगळं तुम्ही बागवाल्याला अगदी शांतपणे सांगितलंत आणि त्याने पुढे केलेला विसार घेतला नाहीत. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच निरोप पाठवला, "सुतारानू, गरुड परत इले." तो आंबा अजून उभा आहे.

जंगल वाचवायचं म्हणून मोठमोठे लोक बोलतात, ते बोलावंच. 2020 साली तिलारीचं रान संवर्धन राखीव झालं, 2021 साली आंबोलीच्या हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळची जागा तिथल्या एका छोट्या माशामुळे जैवविविधता वारसा स्थळ ठरली, तेव्हा मला फार आनंद झाला. पण ज्याचं पोट लाकडावर आहे त्याने झाड सोडून देणं ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते.

आई, तुझंही यात आहे. विसार परत गेला त्या महिन्यात घर तू कसं चालवलंस, ते आम्हा मुलांना कळूही दिलं नाहीस. पहिल्या पावसानंतर टाकळा, फोडशी कुठे उगवते हे बाबांनाही तूच दाखवायचीस. रान तुम्हा दोघांचं होतं.

म्हणून बाबा, कामाचं विचारता तर काम आहे. राईतल्या झाडांची मालवणी नावं, कुठलं लाकूड कशाला चालतं, कधी तोडायचं, किती सुकवायचं, हे तुमच्याशिवाय गावात कुणाला एवढं ठाऊक नाही. मी मे महिन्यात येते आहे. तुम्ही सांगा, मी वहीत उतरवते. नातवालाही आणते. त्याला पटाशी पाजवायला शिकवा, हात त्याचे चालतील, नजर तुमची. आणि हिरण्यकेशीला बरीचशी वाट गाडीने जाता येतं, पुढचं हळूहळू चालू.

रंध्याची नवी पाती इथे तुळशीबागेजवळ मिळते. जुन्या पातीची रुंदी मोजून कळवा. आई, गुडघ्याच्या गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो पाठव, मागच्या वेळचा पुसट होता.

तुमची,
सुमा