माणसाने करायच्या चाचणीचा कोडही नीट तपासा

महोदय,

सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचण्यांचं कौतुक सतत कानावर पडतं. पण माणसाने स्क्रीनकडे पाहून निर्णय द्यायच्या चाचणीचा कोड किती वरवर तपासला जातो, यावर कुणी बोलत नाही. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘स्विंग’ या साधनसंचाने बनवलेल्या खिडक्यांच्या अशा चाचण्यांचा कोड तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहितो.

ओपनजेडीके या जावाच्या मुक्त-स्रोत प्रकल्पात ‘पासफेलजेफ्रेम’ हा क्लास (कोडचा तयार घटक) चाचणी चालवणाऱ्यासाठी सूचनांची खिडकी आणि ‘पास’, ‘फेल’ ही बटणं देतो. वेळेत बटण दाबलं नाही, तर चाचणी नापास. खिडकी इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर, म्हणजे स्विंगच्या खिडक्यांची कामं जिथे व्हायला हवीत त्या धाग्यावर, तयार होते का, हे बहुतेक जण बघतात. मी आधी सूचना वाचतो. ‘मेनू नीट दिसतो का पाहा’ हे वाक्य मी मंजूर करत नाही. नीट म्हणजे काय? ‘फाइल मेनू उघडा. शेवटची ओळ अर्धवट कापलेली दिसली तर फेल दाबा’ असं लिहा. चाचणी चालवणाऱ्याला मूळ दोष ठाऊक नसतो. त्याच्या हातात तेवढा मजकूरच असतो. त्या मजकुराचीच खिडकी चाचणीच्या खिडकीवर येऊन बसली तर तो बिचारा काय बघणार?

आणि दोष दुरुस्त करण्यापूर्वीच्या बिल्डवर (सॉफ्टवेअरच्या तयार आवृत्तीवर) ती चाचणी फेल होते का, हे चालवून पाहिल्याशिवाय मंजुरी देऊच नये. नुसता एका पिक्सेलचा रंग बघायचा असेल, तर ते काम स्क्रीनवरचा रंग स्वतः वाचणाऱ्या जावाच्या ‘रोबोट’ क्लासला द्या. त्यासाठी माणसाला बसवू नका.

– एक सॉफ्टवेअर अभियंता