हरकत घ्यायची तर मुद्द्यावर घ्या

संपादक महोदय,

आमच्या गोव्यात गावात फ्लॅटांचा नवीन प्रोजेक्ट आला की ग्रामसभेत आरडाओरडा होतो तो ‘भायले (बाहेरचे) लोक येतात’, ‘आमच्या बाल्कनीतून शेत दिसणार नाही’ असल्या गोष्टींवर, आणि फाइल सरकायची ती सरकतेच. राग खरा आहे हो, पण टीसीपीच्या (नगरनियोजन खात्याच्या) टेबलावर त्याची किंमत शून्य. तिथं बघतात रिजनल प्लॅन २०२१ मध्ये, म्हणजे गोव्याच्या जमीनवापर आराखड्यात, जागा सेटलमेंट (वस्तीच्या) झोनमध्ये की ऑर्चर्डमध्ये (बागायतीत), उतार २५ टक्क्यांच्या वर आहे का, एफएआर (प्लॉटच्या मानानं बांधकामाचं क्षेत्रफळ) किती, रस्ता किती रुंद. आमच्या वाड्यावर समोरून टेम्पो आला तर स्कूटर गटाराच्या लादीवर चढवावी लागते, तिथं एवढे फ्लॅट झाले तर फायर ब्रिगेडचा बंब वळणार कुठं? हे लिहा ना, टेपने रुंदी मोजून, फोटो लावून. पावसाचं पाणी कुठल्या व्हाळातून जातं, तो बुजवला तर खालच्या शेतांचं काय, तेही लिहा. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९ए खाली झोन बदलायचा प्रस्ताव आला तर हरकतीला ३० दिवस मिळतात, पण गॅझेट वाचतो कोण! निदान पंचायतीनं ती नोटीस गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तरी टाकावी, लग्नाच्या पत्रिका टाकतातच की.

– एक वाचक, बार्देश