रेल्वेमंत्र्यांना खुलं पत्र : जुन्या डिझेल इंजिनांना जाळ्या जरूर लावा, पत्रा मात्र कापू नका

मा. रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

पुण्याहून लिहितोय. विषय आपल्या टेबलावरच्या फायलींच्या मानानं किरकोळ वाटेल, पण वर्ष-दोन वर्षांत तो हातातून निसटेल म्हणून आत्ताच लिहितो. अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या घराण्यातली जुनी डिझेल इंजिनं सेवेतून जाताहेत. काही भंगारात, काही स्टेशनाबाहेरच्या चौथऱ्यावर जातील आणि नशीब असेल तर एखाददुसरं हेरिटेज गाडीला जोडलं जाईल. जे मागे राहील त्याचा चेहरा कोणता असावा, एवढ्यापुरतंच हे पत्र आहे.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. रुळावर धावणाऱ्या इंजिनाला सुरक्षेसाठी जे लागतं ते लागलंच पाहिजे. समोरच्या काचेवरच्या जाळीमुळे फोटो बिघडतो म्हणून हळहळणारे आम्हा रेल्वेशौकिनांत पुष्कळ आहेत. त्यांनी बाहेरून भिरकावलेला दगड धावत्या इंजिनाच्या काचेवर काय करतो याचा जरा विचार करावा. छतावरच्या पिवळ्या फ्लॅशरचंही तेच. गाडी तुटली किंवा घसरली की ब्रेक पाइपमधली हवा जाते, फ्लॅशर आपोआप लुकलुकायला लागतो आणि शेजारच्या रुळावरून येणारा लोको पायलट वेळेत ब्रेक लावतो. तो दिवा मूळ नकाशात नव्हता, म्हणून काढून टाका असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. शेजारच्या माथेरानच्या गाडीचं उदाहरण आहेच. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यावर ती बंद ठेवावी लागली आणि पुढे एअर ब्रेक बसवून ती पुन्हा सुरू झाली. त्या पाइपांनी छोट्या गाडीची शोभा गेली, असं म्हणणारा मला तरी भेटलेला नाही.

माझा आक्षेप आहे तो हे सगळं बसवण्याच्या पद्धतीवर.

या घराण्यातलं डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन १९६२ मध्ये अल्को कंपनीकडून आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. अल्कोनं १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं, आपल्याकडे मात्र त्यांचा वंश कितीतरी वर्षं वाढत राहिला. पुण्याशी त्याचं नातं खास होतं. मुंबईकडून येणारी वीज १९३० च्या सुमारास पुण्यापर्यंत पोचली आणि पुढे अनेक दशकं इथेच थबकली. १९७१ मध्ये मिरज लाइन ब्रॉडगेज झाली, तेव्हापासून दक्षिणेकडच्या गाड्यांचं इंजिन पुण्यात बदलणं हा रोजचा कार्यक्रम होता. विजेचं इंजिन सुटून बाजूला जायचं, मग घोरपडी शेडचं डिझेल मागे मागे सरकत यायचं. पॉइंट्समन झेंडी दाखवत कपलरपाशी उभा असायचा. धप्प आवाज व्हायचा, पहिल्या डब्यातला चहा हिंदकळायचा, पाइप जोडले जायचे. गाडी सुटताना आधी काळा धूर आणि मगच वेग! शिंदवणे घाटात तर नुसत्या आवाजावरून अल्को ओळखू यायचं. आता मिरजेच्या पुढेही डोक्यावर तारा आहेत. ते चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

या इंजिनाचा चेहरा वेळोवेळी बदलला. सुरुवातीला शॉर्ट हूडवर, म्हणजे केबिनच्या पुढच्या आखूड नाकावर, एकच मोठा गोल दिवा होता, त्याच्या जागी जोडदिवे आले. मग जाळ्या आल्या, फ्लॅशर आला, काहींच्या छतावर एसीची पेटी बसली. कारखान्यानंही मध्येच हूड ठेंगणं करून खिडक्या मोठ्या केल्या. त्यांना आम्ही ‘जंबो’ म्हणतो. म्हणजे ‘मूळ रूप’ असं एकच काही नाही, हे मला मान्य आहे. तरीही नटबोल्टवर बसवलेली जाळी पाना लावला की निघते. तीच चौकटीला वेल्ड केली की काढताना चौकटही जाते. दिव्यासाठी हूडचा पत्रा गॅसनं कापला की तो कायमचा गेला, कारण तसा पत्रा वळवणारा साचाही आता कुठे मिळायचा नाही.

ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात हिरव्या डिझेल इंजिनांची तोंडं पिवळी रंगवायला घेतली. रुळावर काम करणाऱ्यांना गाडी लांबून दिसावी, एवढाच हेतू. तेव्हाही शौकिनांनी नाकं मुरडली. पुढे दिवे इतके प्रखर झाले की २०१६ मध्ये नियम बदलला आणि ठरावीक दर्जाचे दिवे असतील तर पिवळं तोंड बंधनकारक राहिलं नाही. पन्नास वर्षांची सक्ती संपली आणि एकाही इंजिनाचं काही बिघडलं नाही, कारण तो नुसता रंग होता. आपण आज जे बसवतोय तेही उद्या कालबाह्य होणारच. व्हॅक्यूम ब्रेकची सामग्री गेली तशी ही जाळीही कधीतरी जाईल. ती जाताना इंजिन शाबूत उरेल का, एवढं बसवतानाच बघायला हवं.

चौथऱ्यावरच्या इंजिनांची गत तर उलटी आहे. त्यांना कसलाच धोका नाही, तरी जाळ्या तशाच ठेवलेल्या असतात. उभ्या इंजिनाला दगड कोण मारणार? (मारतीलही म्हणा, पण आत कोणी नसतं.) वर चकचकीत ऑइलपेंटचे असे पट्टे ओढतात, की सेवेत असताना ते त्याच्या अंगावर कधी नव्हते. जे काढायला हवं ते राहतं आणि जे राहायला हवं ते रंगाखाली जातं.

अहमदाबाद-एकतानगर हेरिटेज गाडीसाठी २०२३ मध्ये आपल्या खात्यानं विजेच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा मुखवटा चढवला. हौस म्हणून ठीक आहे. पण मुखवट्यासाठी पैसे निघतात, मग खरा चेहरा राखायला का निघू नयेत?

तेव्हा विनंती अशी. जपायच्या प्रत्येक इंजिनाबाबत ते धावणार की उभं राहणार, हे आधी लेखी ठरवा. धावणार असेल तर ‘कवच’ या गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेच्या अँटेनापासून जाळीपर्यंत सगळं बसवा, मात्र बोल्टवर आणि शक्यतो आधीच असलेल्या भोकांमध्ये. काढलेला दिवा, झाकण, नंबरपाटी भंगाराच्या लिलावात न टाकता चिठ्ठी लावून त्याच शेडमध्ये ठेवा. उभं राहणार असेल तर त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष निवडा, त्या वर्षीचं रूप आणि रंग द्या आणि कोणतं वर्ष निवडलं ते पाटीवर लिहा. जंबो असेल तर जंबोच राहू द्या.

यातलं एक इंजिन पुण्यात राहावं, ही आमची हक्काची मागणी. त्याला रंगाचा पहिला हात देण्याआधी घोरपडी शेडमधून निवृत्त झालेल्या फिटरना एकदा बोलावून घ्या. कोणता पाइप मूळचा आणि कोणता मागाहून आला, हे ते हात लावून सांगतील. त्यांच्यातले बरेचजण अजून आसपासच राहतात.

कळावे,
आपला,
घोरपडीतला एक रहिवासी, पुणे