गेम किती तासांचा हे नका सांगू, शेवटाकडे त्यात करायला काय उरतं ते सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मराठी पेपरात आता गेम्सबद्दल थोडंफार छापून येतं याचा आनंदच आहे, पण जवळपास प्रत्येक वेळी गेमची लायकी तासांवर ठरवली जाते, अमुक गेम शंभर तास चालतो म्हणजे पैसे वसूल, तमुक वीस तासात संपला म्हणजे महाग पडला. फॅक्टरी ऑटोमेशनच्या, म्हणजे आपोआप चालणारा कारखाना उभारायच्या गेम्सना हा हिशोब लावला की सगळं गंडतं, कारण हे गेम कितीही तास चालवता येतात, लोखंडाच्या दहा भट्ट्या आहेत तिथे शंभर लावा, झाले तास वाढले. त्या वाढलेल्या तासांत डोक्याला नवीन काम मिळतं का, हे कुणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यातला सगळ्यात नावाजलेला गेम फॅक्टोरिओ, प्रागच्या वुबे सॉफ्टवेअरचा, ऑगस्ट २०२० मध्ये त्याचं १.०, म्हणजे पूर्ण झालेलं रूप आलं. परक्या ग्रहावर तुम्ही अडकलेले, सुरुवातीला हातानेच कोळसा आणि दगड खणायचे, मग ड्रिल, भट्ट्या, बेल्ट, बेल्टवरचा माल उचलून मशीनमध्ये टाकणारे इन्सर्टर, असं करत करत शेवटी रॉकेट सोडायचं. मध्ये तेल येतं तिथे भल्याभल्यांना घाम फुटतो, कारण तेल शुद्ध करायच्या पुढच्या, प्रगत पद्धतीत रिफायनरीतून जड तेल, हलकं तेल आणि गॅस तिन्ही एकदम निघतात आणि एकाची टाकी भरली की बाकीच्या दोघांचं उत्पादनही ठप्प. १.० मध्ये रॉकेटचे १०० भाग होते आणि त्यासाठी तीन प्रकारचा माल प्रत्येकी १००० नग लागायचा. इथपर्यंत गेम दर टप्प्याला नवीन प्रश्न टाकतो, म्हणून रात्रीचे दोन वाजलेले कळत नाहीत.

पण रॉकेट उडालं की पुढे काय? तर खाणीची उत्पादकता वाढवणारं संशोधन, जे कधी संपतच नाही, फक्त दर वेळी महाग होत जातं. लोक मग मेगाबेस, म्हणजे अवाढव्य फॅक्टऱ्या बांधतात, मिनिटाला हजार सायन्स पॅक (संशोधनासाठी खर्च होणारा माल) वगैरे, आणि शेवटी अडथळा असतो आपलाच कॉम्प्युटर, कारण गेम सेकंदाला ६० वेळा सगळा हिशोब करतो आणि फॅक्टरी फार मोठी झाली की तो आकडा घसरायला लागतो. मेगाबेसवाल्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यात वेगळंच कौशल्य लागतं, पण नोकरी करून रात्री तास-दीड तास मिळणाऱ्या माणसासाठी ते तेच काम मोठ्या आकारात करणं आहे.

आता ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेलं फॅक्टोरिओचं स्पेस एज हे एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायचा नवीन भाग बघा. पहिलीच गोष्ट त्यांनी काय केली तर रॉकेट स्वस्त केलं, ५० भाग आणि प्रत्येक मालाचे ५०च नग, म्हणजे आधी जो शेवट होता तो सुरुवातीकडे ओढला. आणि पुढच्या प्रत्येक ग्रहावर तुमची एक जुनी सवय मोडली जाते. व्हल्कॅनसवर लोखंड-तांबं थेट लाव्हातून मिळतं, त्यामुळे खाण संपायची भीतीच जाते. फुल्गोरावर सगळं उलटं, भंगार रिसायकल करून तयार सर्किट आणि गिअर आधीच हातात पडतात आणि नको असलेला माल कुठे घालवायचा हाच प्रश्न होतो, तो साठला की लाइन बंद. ग्लेबावर माल नासतो! तिथले सायन्स पॅकसुद्धा पडून राहिले की खराब होतात, म्हणजे इतके दिवस जी शिस्त शिकलो, की बेल्ट भरलेला ठेवा आणि साठा करा, तीच तिथे घात करते, बेल्ट सतत वाहता ठेवावा लागतो. खूप लोक ग्लेबाला शिव्या घालतात, मला मात्र या सगळ्या प्रकारच्या गेम्समध्ये शेवटच्या भागासाठी सुचलेली ती सगळ्यात चांगली कल्पना वाटते, कारण मशीन जवळपास ओळखीचीच असूनही विचार पूर्ण नव्याने करावा लागतो. तक्रार एक आहे, तोफखाना आणि स्पायडरट्रॉन (कोळ्यासारखं पायांवर चालणारं यंत्र) आधी एकाच ग्रहावर मिळायचे ते आता दूरच्या ग्रहांवर नेऊन ठेवलेत, तो भाग मला उगाच लांबवल्यासारखा वाटतो.

स्वीडनच्या कॉफी स्टेनचा सॅटिसफॅक्टरी सप्टेंबर २०२४ मध्ये १.० झाला. तिथे खाणी कधी आटतच नाहीत आणि नकाशा सगळ्यांना तोच, त्यामुळे शेवटची गुंतागुंत सगळी एका वस्तूसाठी लागणाऱ्या लांबच लांब साखळीत असते. स्पेस एलिव्हेटरला, म्हणजे तयार माल वर अवकाशात पाठवायच्या लिफ्टला, पाचव्या टप्प्यात न्यूक्लिअर पास्ता आणि बायोकेमिकल स्कल्प्टर अशा नावांच्या वस्तू प्रत्येकी १००० द्याव्या लागतात, आणि बांधकाम स्वतः तिथे जाऊन करायचं असल्यामुळे निम्मा वेळ पाया टाकण्यात आणि बेल्ट ओढण्यात जातो. पण अणुऊर्जेचं त्यांनी फार छान केलंय, युरेनियमचा कचरा प्लुटोनियममध्ये जातो, त्याचाही कचरा निघतो, आणि १.० मध्ये आलेलं फिक्सोनियम हे इंधन तो कचरा वापरून शेवटी काहीच मागे ठेवत नाही. तुम्ही आधी घेतलेला निर्णय पुढे तुमच्याच समोर येऊन उभा राहतो, याला मी खरी खोली म्हणेन.

चीनमधल्या डायसन स्फिअर प्रोग्रॅममध्ये तर पांढरे क्यूब (तिथला संशोधनाचा माल) वापरून शेवटचं संशोधन झालं की गेम जिंकलात असं सांगतो, सूर्याची ऊर्जा गोळा करायला त्याच्याभोवती बांधायचा गोल, म्हणजेच डायसन स्फिअर, पूर्ण झालेला असो वा नसो. ज्या गोलाचं नाव गेमला दिलंय तो पूर्ण न करताही जिंकता येतं हे मला पटत नाही.

उत्पादन नियोजनात काम करणारे हजारो लोक पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक भागात आपला पेपर वाचतात, बॉटलनेक आणि लाइन बॅलन्सिंग त्यांना शिकवायला नको, त्यांना हे गेम नक्की आवडतील, पण "इतक्या तासांचा कंटेंट" एवढंच वाचून ते पुढे सरकतात. तेव्हा विनंती अशी की परीक्षण लिहिणाऱ्याने गेम शेवटपर्यंत खेळावा आणि शेवटचा नवीन नियम कुठल्या टप्प्याला येतो, त्यानंतर नुसती बेरीज-गुणाकार किती, हे साफ लिहावं. आणि फॅक्टोरिओबद्दल एवढं तरी छापा की तो कधीच सेलमध्ये येत नाही, तेव्हा सवलतीची वाट बघू नये, फुकट डेमो आहे तो आधी खेळून बघावा.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड