शेवटच्या तारखेआधी लोड टेस्टिंगची सक्ती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीक विम्याचा अर्ज असो, कापूस विक्रीची नोंदणी असो की महाविद्यालयीन प्रवेश, शेवटची तारीख जवळ आली की रावेर-यावलपासून शहादा-तळोद्यापर्यंतच्या सेवा केंद्रांवर ‘सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळी या’ हे उत्तर ठरलेले असते. गर्दी झाली, साइट बसली, असे म्हणून हा विषय तिथेच सोडून दिला जातो. वास्तविक गर्दी कधी येणार, हे तारीख ठरवणाऱ्यालाच सर्वांत आधी ठाऊक असते. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागणार, हे आदल्या दिवशीच जाहीर झाले होते. तरीही निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडली नाहीत.

अशी गर्दी आधीच कृत्रिमरीत्या उभी करून पाहण्याची, म्हणजेच लोड टेस्टिंगची, साधने मोफत मिळतात. अपाची या वेब सर्व्हरसोबत येणाऱ्या ‘एबी’ या छोट्या प्रोग्रामला कमांड लाइनवर एका ओळीत, एकूण ५००० विनंत्या (पान मागण्याच्या) आणि एका वेळी १००, असे सांगितले की सर्व्हर किती वेगाने उत्तर देतो याचे आकडे हाती येतात. पण एवढ्यावर ‘टेस्टिंग झाले’ म्हणणे चुकीचे आहे. एबी एकच पत्ता पुन्हा पुन्हा मागते, पानावरची चित्रे किंवा स्क्रिप्ट उतरवून घेत नाही. आणि सर्व्हर सुरुवातीपासूनच त्रुटीचे एकसारखे पान पाठवत राहिला, तर एबीच्या अहवालात ‘अयशस्वी’च्या ओळीत शून्य दिसते. त्रुटीची नोंद खाली वेगळ्या ओळीत असते आणि ते पान चटकन तयार होत असल्याने सेकंदाला किती विनंत्या झाल्या, हा आकडा उलट वाढलेलाच दिसतो.

म्हणून खरी चाचणी कोड लिहूनच करावी लागते. पायथनमध्ये लिहिता येणारे लोकस्ट किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिता येणारे के-सिक्स या चाचणी-साधनांत लॉगिन, अर्ज भरणे, सातबारा अपलोड करणे आणि शुल्क भरणे असा पूर्ण प्रवास, मध्ये माणूस थांबतो तेवढे सेकंद थांबून, हजारो कृत्रिम वापरकर्त्यांकडून करून घेता येतो. निकाल सरासरीवर जोखू नये. शंभरांपैकी ९५ जणांना एका सेकंदात उत्तर मिळाले आणि पाच जण ४० सेकंद ताटकळले, तरी सरासरी तीन सेकंदांच्या आतच येते. ‘९९ टक्के विनंत्या दोन सेकंदांत पूर्ण व्हाव्यात’ अशी मर्यादा के-सिक्सच्या स्क्रिप्टमध्येच घालता येते आणि ती ओलांडली गेली की चाचणी नापास होते.

साइट हळूहळू नव्हे, एकाएकी का कोसळते, हेही यात दिसते. सेकंदाला ५० जण येत असतील आणि प्रत्येकाचे काम दोन सेकंदांत होत असेल, तर एका वेळी १०० जण आत असतात. उत्तराला आठ सेकंद लागू लागले की तेच ४०० होतात. साइटची माहिती साठवणाऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसची मर्यादा कोणी बदलली नसेल तर एका वेळी १०० जोडण्यांची असते. बाकीचे रांगेत अडकतात, केंद्रचालक पुन्हा पुन्हा रिफ्रेश दाबतो आणि प्रत्येक रिफ्रेशने रांग आणखी वाढते.

खान्देशाच्या दृष्टीने आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. वेगवान जोडणीवरून केलेल्या चाचणीत धडगाव-अक्कलकुव्याचा अर्जदार येतच नाही. सातबाऱ्याची ५०० केबीची प्रत सेकंदाला १० केबी गतीने चढत असेल, तर ती एक जोडणी ५० सेकंद अडकून राहते. अशा संथ जोडण्या शेकड्यांनी धरल्याशिवाय आमच्या भागासाठी चाचणी पूर्ण झाली असे मानता येणार नाही.

हे काम विभागाने स्वतः किंवा त्याच्या लेखी परवानगीनेच व्हावे. परवानगीविना दुसऱ्याच्या साइटवर असा भार टाकून ती बंद पाडणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसते. ओटीपी आणि शुल्काच्या बाहेरच्या यंत्रणांच्या जागी चाचणीपुरती नकली जोडणी ठेवावी.

माझी मागणी एवढीच की, अर्ज स्वीकारणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाच्या निविदेत लोड टेस्टिंगची अट असावी, अपेक्षित अर्जदारसंख्या आणि उत्तराच्या वेळेची मर्यादा त्यात आकड्यांत लिहिलेल्या असाव्यात, आणि अर्ज सुरू होण्याच्या किमान १५ दिवस आधी चाचणीचा अहवाल त्याच संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. अहवालात मर्यादा पाळली गेली नसेल, तर शेवटची तारीख तेव्हाच पुढे ढकलावी.

आपला,
एक संगणक अभियंता, भुसावळ