बँड मोडताना एक शेवटची परेड तरी द्या: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

३१ मार्च २०२१ रोजी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये लष्कराच्या मिलिटरी फार्मना रीतसर निरोप दिला गेला. पहिला फार्म १८८९ मध्ये अलाहाबादला निघाला होता. अलीकडे ३९ उरले होते. १३२ वर्षं जवानांना दूध पुरवलं म्हणून समारंभ झाला, पेपरात छापून आलं. योग्यच झालं. ती बातमी वाचून माझे वडील एवढंच म्हणाले, "गाईंनासुद्धा सेंड-ऑफ मिळाला बघ."

वडील लष्कराच्या एका ट्रेनिंग सेंटरच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात साधी बाजाची पेटी नव्हती. नोटेशन वाचायला ते पचमढीला मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकले. सुट्टीवर आले की गावात ठरलेला प्रश्न असायचा: "मिलिटरीत जाऊन बँडच वाजवायचा होता, तर इथं लग्नसराई काय कमी होती?" वडील हसायचे. लढाई लागली की वाद्य ठेवून स्ट्रेचर उचलायचं, जखमींना मागे आणायचं, याचंही शिक्षण बँडवाल्याला मिळतं, हे ते कुणाला सांगत बसले नाहीत.

त्यांचा बँड एका दिवसात मोडला नाही. माणसं रिटायर होत गेली, जागा भरल्या गेल्या नाहीत. आधी ओबो वाजवणारा गेला, मग फ्रेंच हॉर्नवाला. उरलेल्यांनी त्यांच्या ओळी आपसांत वाटून घेतल्या. शेवटी एका दुपारी सगळी वाद्यं स्टोअरला जमा झाली. वडिलांनी क्लॅरिनेटचे पाच भाग सुटे केले, आतली थुंकी कापडाने पुसली, पेटीत बसवले आणि स्टोअरवाल्याची सही घेतली. रीड, म्हणजे तोंडाशी बसणारी पातळ पट्टी, खर्चात पडते, ती कुणी परत मागत नाही. ती आमच्या देवघराच्या फळीवर काडेपेटीत आहे. टोकाला ओठाची खूण आहे.

परेड नाही, भाषण नाही, एक ग्रुप फोटोसुद्धा नाही.

महोदय, खर्चाचं गणित मला कळतं. फौजेला ड्रोन हवेत, हे सांगायला बँडवाल्याच्या मुलीची गरज नाही. ब्रिटननेही १९९४ मध्ये आपले लष्करी बँड ६९ वरून ३० वर आणले. कुठला बँड ठेवायचा आणि कुठला मोडायचा, हा निर्णय तुमचा. मोडायचा कसा, याबद्दल मात्र बोलायचा हक्क आम्हा घरच्यांना आहे.

प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या बीटिंग रिट्रीटमधून २०२२ मध्ये 'अबाइड विथ मी' ही इंग्रजी प्रार्थनेची धून वगळली तेव्हा टीव्हीवर केवढा गदारोळ! धून आपली की परकी, यावर घसा कोरडा होईस्तोवर भांडण झालं. ती धून वर्षानुवर्षं २९ जानेवारीच्या थंडीत विजय चौकात कोण वाजवत होतं, हे एकाही चर्चेत आलं नाही. थंडीत पितळी माउथपीस ओठाला लावून बघा म्हणावं!

सैन्यातल्या वादकाचं नाव लोकांना माहीत असण्याचं उदाहरण मला एकच आठवतं, ते कॅप्टन राम सिंह ठाकुरींचं. गोरखा पलटणीतला हा वादक युद्धकैदी झाला, आझाद हिंद सेनेत गेला आणि 'कदम कदम बढ़ाये जा'ला चाल देऊन बसला. बाकीचे सगळे नुसते 'बँड'. यात आपली माणसंही कमी नाहीत. गोव्यात चर्चच्या शाळांतून सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सा-रे-ग-म, शिकलेली पोरं पिढ्यान् पिढ्या पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडांत भरती झाली. आजही ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियावर नौदलाचा बँड ऐकायला मुंबईकर गर्दी करतात, पण त्यातल्या एका वादकाचं नाव विचारा.

आता तर नौदल आणि वायुदल 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांसाठी वादक घेतात. क्लॅरिनेटवर ओठ बसायलाच दोन-तीन वर्षं जातात, असं वडील म्हणतात. वाजवणारे तयार होतात आणि बहुतेकांच्या हातात घरचं तिकीट पडतं. या पोरांना राज्यांच्या पोलीस बँडांत आणि एसआरपीच्या बँडांत प्राधान्य मिळेल, एवढं पत्र आपण राज्यांना जरूर लिहावं.

आणि माझी मुख्य मागणी. कुठलाही बँड बंद होणार असेल तेव्हा त्याची शेवटची परेड व्हावी, पूर्ण गणवेशात, निवृत्त वादकांना बोलावून. चालायला जमत नसेल त्यांना खुर्च्या द्या. युनिटच्या इतिहासात त्यांची नावं वाद्यासकट लिहा. 'बँड, २८ जण' असं नको. आणि हाताने उतरवलेल्या नोटेशनच्या वह्या रद्दीत न घालता पचमढीला जपून ठेवा. वडिलांच्या वहीत समासात पेन्सिलीने जागोजाग लिहिलेलं होतं, 'इथे श्वास'. त्या वहीचं पुढे काय झालं, हे आम्हाला कुणी सांगू शकलं नाही.

वडील आता ७८ वर्षांचे आहेत. दात गेल्यामुळे वाजवता येत नाही, पण २६ जानेवारीला टीव्हीवर संचलन लागलं की आवाज बंद करून फक्त क्लॅरिनेटवाल्यांची बोटं बघतात आणि कोण चुकलं ते सांगतात. अशा परेडचं बोलावणं आलं तर कोट इस्त्री करून तयार आहे.

आपली नम्र,
एका बँडवाल्याची मुलगी